अवकाश तापवू नका

अवीवाने पाठवलेल्या मराठी सारांशात तिसऱ्या प्रवेशापुढे एकच वाक्य होतं : ‘इथे निरोपाचा प्रसंग थोडा वाढवला आहे.’

प्रमोदिनी त्या ‘थोडा’पाशी अडली. टोरांटोजवळच्या मार्कहॅममधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तिने निवृत्त होईपर्यंत टेस्टिंगचं काम केलं होतं. प्रोग्राम लिहिणारा जिथे ‘थोडा बदल केलाय’ म्हणतो तिथेच आधी बोट घालून बघायचं, हे तिच्या अंगात मुरलं होतं. बाकीच्या प्रवेशांचा सारांश अवीवाने चांगला ऐसपैस दिला होता. कोण काय बोलतं, कोण काय गातं, कुठे प्रेक्षक हसतील, सगळं. मग इथेच एवढी काटकसर कशाला?

मॉन्ट्रियलला जाणारी गाडी किंग्स्टन सोडून पुढे निघाली होती. प्रमोदिनीने मूळ फ्रेंच संहिता उघडली, फोनचा कॅमेरा तिच्यावर धरला आणि एकेका ओळीचं भाषांतर वाचायला घेतलं.

गोष्ट तिची स्वतःची होती. ‘दारवान’ ही तिची विज्ञानकथा काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात छापून आली होती. गुरूच्या एका चंद्राभोवती फिरणारं स्थानक, त्याच्या दारावर नेमलेलं यंत्र, आणि दुरुस्तीसाठी बाहेर जाणारी एक शास्त्रज्ञ बाई. बाई निघताना ‘येते’ म्हणते. यंत्राला मराठी शिकवलेलं असतं, पण निघताना ‘जाते’ म्हणायचं नसतं ही रीत शिकवायची राहून गेलेली असते. ‘येते’ म्हणाली म्हणजे ती येतेच आहे, असं ते धरून चालतं. बाई बाहेरच अपघातात जाते. यंत्र दाराजवळची जागा तिच्यासाठी उबदार ठेवत राहतं, स्वतःची वीज संपेपर्यंत. सगळ्या कथेत एकही विनोद नव्हता, आणि तो चुकूनही येऊ नये याची प्रमोदिनीने काळजी घेतली होती.

अवीवा नवगावकर ही टोरांटोच्या मोजक्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरांपैकी एका घरातली मुलगी. कामासाठी मॉन्ट्रियलला गेलेली, तिथेच स्थायिक झालेली, फ्रेंच अगदी घरच्यासारखं बोलणारी. तिने ‘दारवान’चा फ्रेंच अनुवाद केला आणि तो सोलांज त्रेपानिए हिच्या वाचनात आला. सोलांजची स्वतःची छोटी गायक मंडळी होती. तिला या कथेचा ‘ऑपेरा कॉमिक’ करायचा होता.

‘कॉमिक’ हा शब्द ऐकून प्रमोदिनीने आधी साफ नकार दिला होता. मग अवीवाचा फोन आला.

“ताई, कॉमिक म्हणजे नुसती हसवाहसवी नाही हो. थोडं बोलायचं, थोडं गायचं. आपलं संगीत नाटक असतं ना, तसं. ऑपेरात सगळंच गातात, यात मधे मधे सरळ बोलतात.”

“म्हणजे लोक हसणार नाहीत?”

“असंही नाही,” अवीवा म्हणाली होती.

त्या ‘असंही नाही’मुळेच प्रमोदिनीने करारात एक कलम मागून घेतलं : रंगीत तालमीपर्यंत कोणताही प्रवेश नाकारायचा हक्क लेखिकेचा. सोलांजने कुरकुर न करता सही केली. एवढ्या सहजासहजी सही केली, याचंही प्रमोदिनीला तेव्हा नवल वाटलं होतं.

आता फोनवर एकेक ओळ उमटत होती. बाई ‘येते’ म्हणते आणि दारातून बाहेर पडते. यंत्र दार लावायला घेतं, तोच ती परत फिरते. कुंडीला पाणी किती घालायचं ते सांगायचं राहिलेलं असतं. पुन्हा ‘येते’. पुन्हा परत, आता एका सहकाऱ्याच्या लग्नाची काहीतरी भानगड आठवलेली असते. यंत्र गाऊ लागतं, हवा चालली, ऊब चालली. बाई उंबऱ्यावर उभी राहून बोलतेच आहे. शेवटी यंत्र गाणं तोडून सरळ गद्यात ओरडतं : ‘ऑं शोफ पा ल कॉस्मॉस!’ फोनने त्याखाली मराठी दाखवलं : ‘आपण अवकाश तापवत नाही.’ त्यावर दार लागतं. बाई परत येत नाही.

प्रमोदिनीने फोन मांडीवर पालथा ठेवला.

हे वाक्य तिने पूर्वी ऐकलं होतं. इंग्रजीत, आणि त्यात अवकाश नव्हतं, नुसतं ‘बाहेर’ होतं. विनिपेगच्या एका घराच्या दारात, हिवाळ्यातल्या सकाळी. बोलणारी तिची भाची सलोनी, तेव्हा सोळा वर्षांची. आणि ज्या बाईला उद्देशून ती बोलली ती सलोनीची आई, प्रमोदिनीची धाकटी बहीण ऊर्मी.

ऊर्मीचं निघणं हा घरात चेष्टेचा विषय होता. पाहुणे बूट चढवून, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून घामाघूम व्हायचे, आणि नेमक्या त्याच वेळी ऊर्मीला सगळं जग आठवायचं. ती स्वतः कुणाकडून निघाली तरी तेच. ‘येते’ म्हणून झालं की ती उंबऱ्यावर उभी राहायची आणि खरी बैठक तिथे सुरू व्हायची.

त्या दिवशी ती हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी निघाली होती. नवरा प्रताप कामावरून परस्पर हॉस्पिटलात येणार होता. मदतीला आलेली प्रमोदिनी अंगणात गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होती. ऊर्मी दारात, तिच्याकडे पाठ करून. ‘येते गं’ म्हणून झालं होतं आणि सवयीने ती उभीच होती. आतून सलोनीचा वैतागलेला आवाज आला, “आई, वी आर नॉट हीटिंग द आउटडोर्स!” आणि दार लागलं. ऊर्मी पहिल्यांदाच एवढ्या लवकर दारातून हलली. त्या घरात ती परत आली नाही.

त्यानंतर सलोनी कुणालाही सोडायला दारापर्यंत येईनाशी झाली. आतूनच ‘बाय’ म्हणायची. प्रमोदिनीने ते पाहिलं, त्याचा अर्थ लावला आणि तो विषय कायमचा बाजूला ठेवला. कथा लिहिताना दारातला सगळा घोळ तिने मुद्दाम गाळला. ‘येते,’ ती म्हणाली. दार बंद झालं. संपलं. सलोनी मराठी अडखळत का होईना वाचते, हे तिच्या डोक्यात होतं.

आणि तेच वाक्य आता फ्रेंचमध्ये समोर उभं होतं. त्या सकाळी तिथे तिघी होत्या. एक गेली. दुसरीने, म्हणजे तिने स्वतः, कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. उरली सलोनी. सलोनी मॉन्ट्रियलमध्ये व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत होती. अवीवा मॉन्ट्रियलमध्ये होती. आणि गेल्याच आठवड्यात अवीवाने लिहिलं होतं, ‘तुमची भाची इथेच असते ना, तिला पहिल्या प्रयोगाला नक्की आणा, पुढची सीट ठेवते.’

पुढची सीट. तिथे बसून सलोनी स्वतःचं वाक्य ऐकणार, आणि मागे सगळं सभागृह खो खो हसणार.

अवीवाने पोरीला गोड बोलून खोदलं असणार, अशी प्रमोदिनीची जवळजवळ खात्री झाली. पण सलोनीला विचारायची सोय नव्हती. विचारायचं म्हणजे ते वाक्य तिच्यासमोर उच्चारायचं.

सलोनीचं अपार्टमेंट मॉन्ट्रियलच्या व्हर्दां भागात होतं, बाहेरून लोखंडी जिना असलेल्या जुन्या इमारतीत. तिने मावशीसाठी खिचडी केली होती.

“ऑपेरावाले कसे आहेत? नाइस?”

“अजून भेटले नाही. तू ओळखतेस का त्यातलं कुणी?”

“मी? मी कशी ओळखणार?”

“नाही, म्हटलं गाव काही फार मोठं नाही.”

“मावशी, मॉन्ट्रियल आहे हे. मिलियन्स ऑफ पीपल.”

“अवीवा म्हणून एक मुलगी आहे. मराठीच आहे आपली. भेटली असेल कधी, एखाद्या गणपतीला वगैरे.”

“ती ज्यूइश आहे ना? तूच सांगितलंस. गणपतीला कशाला भेटेल?”

उत्तर द्यायच्या आधी सलोनीने चमचा किंचित थांबवला होता. प्रमोदिनीने ते टिपलं. “दिवाळीला, मग,” ती म्हणाली.

“मावशी, यू आर डूइंग दॅट थिंग.”

“कोणती?”

“टेस्टरवाली. सेम प्रश्न, तीन वेळा, वेगळे कपडे घालून.”

सकाळी प्रमोदिनी निघाली तेव्हा सलोनी सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. “बाय, मावशी!” मान वर न करता ती म्हणाली. प्रमोदिनी दारात रेंगाळली. मेट्रोचं कार्ड घेतलं का ते पाहिलं, खिडकीतल्या तुळशीला पाणी घालायला सांगितलं, येताना कोथिंबीर आणू का विचारलं. सलोनी जागची उठली नाही.

तालीम एका चर्चच्या बेसमेंटमध्ये होती. सोलांज साठीची, उंच, जाड लोकरी मोज्यांवर सपाता घालून फिरणारी बाई. प्रमोदिनीचे दोन्ही हात हातात घेऊन ती इंग्रजीत भरभरून बोलली. अवीवा बाजूलाच होती. दोघी मधेच फ्रेंचमध्ये काही बोलल्या आणि हसल्या. काय बोललात, असं प्रमोदिनीने विचारलं.

“काही नाही हो. ती म्हणाली, लेखिकाबाई एक्स-रे काढायला आल्यासारख्या बघतायत.”

तिसरा प्रवेश सुरू झाला. चाकांवरची एक चौकट म्हणजे दार. शास्त्रज्ञ झालेली नोएमी गोड गळ्याची होती. दारवान झालेला गायक एवढा धिप्पाड, की त्याला यंत्र व्हायला पत्रा लागलाच नसता. नोएमी ‘येते’ मराठीतच म्हणत होती. शब्द बदललेला नव्हता, तेवढं समाधान. ती गेली, परत आली, गेली, परत आली. तिसऱ्या खेपेला ती चौकटीला टेकून उभी राहिली आणि गप्पांत रंगलेल्या बाईसारखा एक हात हलवू लागली, तेव्हा प्रमोदिनीच्या तोंडून हसू निसटणार होतं. तिने ते आवरलं. ऊर्मी अशीच उभी राहायची; खांदा चौकटीला, एक पाय दुसऱ्यावर. हे कुणी सांगितलं यांना?

मग दारवान ओरडला, “ऑं शोफ पा...”

बाकांवरचे सगळे हसले. आणि प्रमोदिनीच्या लक्षात एक गोष्ट आली : वाक्य पुरं व्हायच्या आत हसू आलं होतं. पुढे काय येणार ते त्यांना आधीच माहीत होतं. म्हणजे गोष्ट नुसती फुटली नव्हती, मंडळीभर फिरली होती.

मधल्या सुट्टीत तिने अवीवाला कॉफीच्या यंत्रापाशी गाठलं.

“हा दाराचा प्रसंग माझ्या कथेत नाही.”

“नाहीच. म्हणून तर सारांशात लिहिलं, थोडा वाढवलाय.”

“नऊ पानं म्हणजे थोडा?”

अवीवा ओशाळली. “तुम्ही वाचूनच नाही म्हणाल अशी भीती होती. म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघू दे.”

“म्हणजे लपवलंस.”

“हो. लपवलं. सॉरी, ताई.”

एवढी सरळ कबुली प्रमोदिनीला अपेक्षित नव्हती. पण छोटा गुन्हा कबूल करून मोठा झाकणारेही तिने पाहिले होते.

“कुठून आणलास तो?”

“घरून.”

“कुणाच्या घरून?”

“माझ्या! ताई, तुम्ही पोलिसात होता का?”

“टेस्टिंगमध्ये.”

“तेच ते,” अवीवा म्हणाली आणि कॉफीचा कप खाली ठेवून बोलू लागली. “आमची मम्मी. बाथशेवाबाई म्हटलं की टोरांटोला सगळे ओळखतात. आमच्यात दाराच्या चौकटीवर मेझुझा असतो ना, आत देवाची वचनं लिहिलेली छोटीशी डबी. मम्मी निघताना त्याला बोटं लावणार, बोटं ओठांना लावणार, ‘येते हां’ म्हणणार. की झालं! तेव्हाच तिला आठवणार, अमकीच्या मुलीचं काय झालं. परत एक पाऊल आत. परत मेझुझा. परत ‘येते हां’. डॅडी बाहेर गाडीत बसून हॉर्न वाजवायचे. एकदा तर ते निघून गेले आणि चक्कर मारून परत आले, तरी ही दारातच. मला वाटायचं, हे फक्त आमच्याच घरात.”

प्रमोदिनीलाही वाटायचं, हे फक्त ऊर्मीचंच. पण हे सगळं फार सुरेख जुळत होतं, आणि फार सुरेख जुळणाऱ्या उत्तरावर तिचा विश्वास बसत नसे.

“माझी भाची इथे असते हे तुला कुठून कळलं?”

“तुमच्याकडून! हॉटेल नको, भाचीकडे उतरते, अशी मेल केली होतीत.”

केली होती. प्रमोदिनीने मनातल्या मनात एक शंका खोडली.

“आणि शेवटचं ते वाक्य? तेही तुझ्या मम्मीचं?”

“ते नाही. ते सोलांजचं.”

“तिला कुणी सांगितलं?”

अवीवाने तिच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं आणि प्रमोदिनी ‘थांब’ म्हणायच्या आत सोलांजला फ्रेंचमध्ये हाक मारून विचारलं. सोलांज क्षणभर गोंधळली. मग तिने सगळ्या खोलीकडे तोंड करून, कमरेवर हात ठेवून, जाडाभरडा पुरुषी आवाज काढला, “ऑं शोफ पा...”

“ल दऑर!” पियानोवाल्यापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे एका सुरात ओरडले.

मग एकच गलका झाला. दारवान आपल्या बापाची नक्कल करू लागला, नोएमी आपल्या आजीची. सोलांज उत्तरेकडच्या अबिटिबीतल्या आपल्या लहानपणच्या लाकडी घराबद्दल सांगत होती. एक शेगडी, घर भरून पोरं, आणि दार उघडं राहिलं की वडिलांची ही गर्जना. अवीवा हसत हसत भाषांतर करत होती, “ताई, बाहेरचं तापवायचं नाही, असं. हे इथल्या प्रत्येक बापाचं वाक्य आहे. तिने फक्त बाहेरच्या जागी कॉस्मॉस टाकलं.”

प्रमोदिनी खुर्चीवर बसली. सलोनीनेही ते कुठून तरी उचललंच असणार. शाळेतून, शेजारून. जिथे हिवाळा आहे तिथल्या सगळ्या घरांत जे रोज ओरडलं जातं, ते ती इतकी वर्षं कुलपात ठेवून बसली होती. आणि आज त्या कुलपावरून एका भल्या मुलीची उलटतपासणी घेतली होती.

कुणी सांगितलं, ही शंका मिटली. कोण ऐकणार, ही भीती मात्र होती तिथेच होती. उलट वाढली होती. सभागृहातला प्रत्येक माणूस ते वाक्य पुरं व्हायच्या आत हसणार होता.

“ते वाक्य काढा,” ती सोलांजला म्हणाली.

सोलांजचं हसू गेलं. हक्क तुमचा आहे, ती सावकाश इंग्रजीत म्हणाली, पण त्या वाक्यावरच दार लागतं. ते काढलं तर ती बाई दारातून हलणार कशी? आणि का काढायचं, एवढं तरी सांगा.

“उद्या सांगते,” प्रमोदिनी म्हणाली.

संध्याकाळी सलोनी स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. प्रमोदिनीने कोथिंबीर ओट्यावर ठेवली.

“पहिल्या प्रयोगाला तू आली नाहीस तरी चालेल हं.”

“व्हॉट? मी सुट्टी टाकलीये.”

“थंडी फार असेल गं.”

सलोनीने सुरी थांबवली. “मावशी. आय ॲम फ्रॉम विनिपेग.” मग तिने विचारलं, “काय आहे त्या ऑपेरात?”

प्रमोदिनीने उत्तरं जुळवून पाहिली. एकही टिकणारं नव्हतं. शेवटी तिने सांगितलं. दार, निरोप, आणि दारवानाचं वाक्य, फ्रेंचमध्ये काय आणि मराठीत काय. सांगताना ती कोथिंबिरीच्या जुडीचा दोरा सोडत राहिली.

“दॅट्स माय लाइन,” सलोनी म्हणाली.

“तुझ्या एकटीचं नाही. इथे सगळेच म्हणतात...”

“आय नो. शेजारच्या मिसेस फ्रीसन म्हणायच्या. त्यांच्याकडून घेतलं मी.”

“तुझ्या लक्षात आहे?”

“ऑफ कोर्स लक्षात आहे! मावशी, तुला काय वाटलं, मी विसरले?”

“मला वाटलं, तू स्वतःला दोष देत असशील. म्हणून मी कधी विषय...”

“दिला ना दोष. खूप दिला, सुरुवातीला. मग डॅड आणि मी बोललो त्यावर, खूपदा. तूच कधी बोलली नाहीस. विनिपेगचं नाव निघालं की तू किचनमध्ये जायचीस.”

प्रमोदिनीला हे ठाऊक नव्हतं. “पण तू कधी दारात येत नाहीस सोडायला,” ती म्हणाली. हा तिचा शेवटचा पुरावा होता.

सलोनीने तिच्याकडे बघितलं आणि ती हसायलाच लागली. “बिकॉज यू टेक फॉरएव्हर! आई गं, मावशी, तू सेम आईसारखी आहेस. आज सकाळी पण! मेट्रो कार्ड, तुळस, कोथिंबीर. माझी मीटिंग सुरू होती, सगळे ऐकत होते.”

दारात रेंगाळणारी ऊर्मी होती. ती स्वतः नव्हे. असं प्रमोदिनी आजवर समजत आली होती.

“आणि ती हसली होती,” सलोनी पुन्हा कांद्याकडे वळत म्हणाली.

“कोण?”

“आई. मी ओरडले ना, तर ती हसली. हसत हसतच दार लावलं तिने. तू बाहेर होतीस, तुला दिसलं नसेल.”

दिसलं नव्हतंच. तिला दिसली होती ऊर्मीची पाठ, जॅकेटची टोपी, आणि मग लागलेलं दार. त्या न दिसलेल्या चेहऱ्यावर तिने एक दुखावलेला भाव कधीतरी स्वतःच चढवला होता आणि तो पाहिल्यासारखा सांभाळला होता.

की ही पोर आपली समजूत घालतेय? प्रमोदिनीने तिच्याकडे निरखून पाहिलं. सलोनीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण समोर कांदा होता.

“त्यांच्या ऑपेरात हसते का ती?” सलोनीने विचारलं.

“नाही. दार लागतं आणि जाते.”

“मग चूक आहे ते. फिक्स इट.”

दुसऱ्या दिवशी प्रमोदिनीने सोलांजला सगळं सांगितलं, जेवढं इंग्रजीत सांगता आलं तेवढं. उरलेलं अवीवाने पुरं केलं. वाक्य राहू दे, ती म्हणाली. पण त्यावर ती बाई हसते.

सोलांज पटकन तयार झाली. नोएमीने करून पाहिलं. दारवान ओरडला, आणि ती वरच्या सुरापासून खाली मोती ओघळावेत तशी हसली. मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

“असं नाही,” प्रमोदिनी म्हणाली.

नोएमी सूर सोडून हसली. मग हलकं हसली. मग तोंडावर हात ठेवून.

“असंही नाही.”

“मग कसं?” सोलांजने विचारलं.

प्रमोदिनीला ऊर्मीची सगळी हसणी पाठ होती. कुणी पडलं की यायचं ते, सासरच्यांसाठी राखलेलं ते, पत्त्यांत लबाडी पकडली गेली की यायचं ते. त्यातलं त्या दारातलं कोणतं, हे तिला सांगता येत नव्हतं. तिने फोन लावला.

सलोनी जेवणाच्या सुट्टीत मेट्रोने आली. अवीवाने पुढे होऊन आपलं नाव सांगितलं. “ओह, तू अवीवा! मावशीला वाटत होतं आपण गणपतीत भेटलो,” सलोनी म्हणाली. अवीवाने प्रमोदिनीकडे पाहिलं. प्रमोदिनी पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

सलोनी चौकटीत उभी राहिली. दारवानाला म्हणाली, बोल. त्याने तिच्याकडे बघत, जरा जपूनच, वाक्य म्हटलं. जोरात, ती म्हणाली. तो ओरडला.

सलोनी हसली. नाकातून फुटलेलं, अर्ध्यावर तुटलेलं, आपली चोरी पकडली गेल्यासारखं हसू. त्याच ओघात तिने चौकट ओढून घेतली. नोएमीने लगेच ते उचललं, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा बाकांवरचा कुणीच हसला नाही. सगळे बंद चौकटीकडे बघत राहिले.

सोलांजने संहितेच्या कडेला काहीतरी खरडलं आणि मान वर केली. प्रवेश मंजूर?

प्रमोदिनीच्या ओठांवर प्रश्न तयार होता : नक्की असंच? तिने ती सकाळ पुन्हा तपासली. ऊर्मी गाडीत येऊन बसली होती. चष्मा काढून तिने मफलरच्या टोकाने पुसला होता आणि ‘चल’ म्हणाली होती. थंडीतून गरम गाडीत आलं की चष्म्यावर वाफ धरते. हसून डोळे भरले तरी माणूस चष्मा काढतो. रडून भरले तरी काढतो. त्यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं.

चौकटीपलीकडून सलोनी तिच्याकडे बघत होती. “मावशी? राइट?”

“असंच,” प्रमोदिनी म्हणाली. “अगदी असंच.”